घाट घरात आणायचा तर: जीपीएक्स फाइलवरून इनडोअर सायकलिंग कसं करायचं?

कोल्हापुरात जुलै उजाडला की सगळ्यांचे डोळे एका आकड्यावर असतात: राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. सायकलवाल्यांचं गणित तर त्याआधीच बिघडलेलं असतं. रेडेडोह फुटला की पन्हाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाणी येतं. घाटात धुकं, शेवाळ आणि दरडी असतात. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तर पन्हाळ्याचा मुख्य रस्ताच खचला होता. पण स्पर्धा काही पावसासाठी थांबत नाहीत. गोव्याची आयर्नमॅन ७०.३ स्पर्धा २०१९ मध्ये पहिल्यांदा झाली ती ऑक्टोबरमध्ये, आणि त्यात ९० किलोमीटर सायकल चालवावी लागते. म्हणजे तयारीचे खरे महिने कोणते? नेमके पावसाचे.

यावर उपाय म्हणून बरेच जण घरात ट्रेनर लावतात. सायकल एका जागी उभी, पेडल मारत राहायचं. आता त्यात एक सोय अशी आहे, की आपल्याच ओळखीच्या रस्त्याची फाइल मोबाइलमध्ये घेऊन तोच चढ ट्रेनरवर चढता येतो. केर्लीहून जोतिबा, वाघबीळहून पन्हाळा, वैभववाडीहून करूळ घाट, काहीही.

फक्त एक गोष्ट आधीच सांगतो. फाइल डाउनलोड करून 'स्टार्ट' दाबलं म्हणजे घाट घरात आला, असं होत नाही. फाइलमधली उंची चुकीची असेल तर ट्रेनर तुम्हाला रस्त्यावर नसलेला चढ चढवेल, किंवा असलेला चढ गायब करेल. त्यामुळे आजच्या लेखात फाइल म्हणजे काय, ती कुठून मिळवायची, आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे ती तपासायची कशी, हे नीट पाहू.

जीपीएक्स फाइल म्हणजे नेमकं काय?

जीपीएक्स ही साधी मजकुराची फाइल आहे. टोपोग्राफिक्स नावाच्या कंपनीने २००२ मध्ये हा प्रकार तयार केला. तो सगळ्यांसाठी खुला ठेवला, म्हणून आज जवळपास प्रत्येक सायकलिंग आणि ट्रेकिंग अ‍ॅपला तो समजतो.

फाइल उघडून पाहिली तर आत नकाशा नसतो, फोटो नसतो. असतात फक्त बिंदू, एकाखाली एक. प्रत्येक बिंदूला मुख्यतः चार गोष्टी असू शकतात:

• अक्षांश
• रेखांश (कोल्हापूर शहर साधारण १६.७ उत्तर, ७४.२ पूर्व)
• समुद्रसपाटीपासूनची उंची, मीटरमध्ये
• वेळ, म्हणजे त्या बिंदूवर तुम्ही कधी होता

बाहेर दर सेकंदाला एक बिंदू नोंदवला तर तासाभराच्या राइडचे ३,६०० बिंदू होतात. तरीही फाइल एका फोटोपेक्षा लहान असते. व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून सहज पाठवता येते.

इथे दोन शब्द लक्षात ठेवा: ट्रॅक आणि रूट. ट्रॅक म्हणजे प्रत्यक्ष गेलेल्या वाटेचे दाट बिंदू. रूट म्हणजे कुठून कुठे जायचं याचे मोजके बिंदू. वीस किलोमीटरसाठी फाइलमध्ये चाळीसच बिंदू असतील तर दोन बिंदूंमधला रस्ता सरळ रेघ समजला जातो. नागमोडी वळणं कापली जातात, अंतर कमी भरतं आणि चढ खोटा तीव्र होतो. समजा रस्ता २ किलोमीटरमध्ये १०० मीटर चढतो. हा झाला ५ टक्के चढ. वळणं कापून तेच अंतर १.६ किलोमीटर झालं, तर चढ सव्वासहा टक्के दिसेल. म्हणून ट्रेनरसाठी कायम ट्रॅकच घ्या.

टीसीएक्स आणि फिट हे आणखी दोन प्रकार तुम्हाला दिसतील. दोन्ही गार्मिनचे. त्यांत हृदयाचे ठोके, वॅट वगैरे व्यायामाची माहिती जास्त चांगली बसते. पण रस्ता हवा असेल तर जीपीएक्स पुरेशी आहे.

ट्रेनरला चढ कसा कळतो?

स्मार्ट ट्रेनर दोन कामं करतो. तुम्ही किती वॅट जोर लावताय ते मोजतो, आणि सांगितलं तेवढा विरोध पेडलला देतो. बाकी सगळं डोकं अ‍ॅपचं. क्रम असा असतो:

१. ट्रेनर वॅट पाठवतो.
२. अ‍ॅप तुमचं वजन, सायकलचं वजन आणि समोरचा चढ धरून वेग काढतं.
३. त्या वेगाने तुम्ही फाइलमध्ये किती पुढे सरकलात ते पाहतं.
४. तिथल्या दोन बिंदूंच्या उंचीतला फरक भागिले त्यांच्यातलं अंतर, हा झाला चढ. तो ट्रेनरला कळवला जातो.
५. ट्रेनर पेडल जड किंवा हलकं करतो.

हे चक्र राइडभर फिरत राहतं. चौथी पायरी पुन्हा वाचा. चढ फाइलमध्ये लिहिलेला नसतोच. तो उंचीवरून काढला जातो. म्हणजे उंचीत गडबड झाली की ती थेट तुमच्या गुडघ्यापर्यंत येते.

फाइल कुठून मिळवायची?

स्वतःची जुनी राइड. सर्वात चांगला पर्याय. उन्हाळ्यात पन्हाळ्याला गेला असाल आणि स्ट्राव्हावर नोंद असेल, तर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये स्ट्राव्हाची वेबसाइट 'डेस्कटॉप साइट' करून उघडा. त्या राइडच्या पानावर तीन टिंबांच्या मेनूत 'एक्सपोर्ट जीपीएक्स' मिळेल.

नकाशावर काढलेला रस्ता. कोमूट, राइड विथ जीपीएस किंवा बीराउटर यांसारख्या साधनांत दोन ठिकाणांवर बोट ठेवलं की रस्ता काढून मिळतो. गूगल मॅप्समधून मात्र थेट जीपीएक्स मिळत नाही, हे लक्षात घ्या.

आयोजकांची फाइल. बीआरएम राइडसाठी आयोजक अनेकदा मार्गाची फाइल किंवा लिंक देतात. २०० किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तासांची मुदत असते. ३५ किलोमीटरनंतरचा चढ किती लांब आहे हे आधीच पायांना माहीत असणं मोठी गोष्ट आहे.

मित्राची फाइल. मागायला हरकत नाही. पण पाठवणाऱ्याने काय काळजी घ्यायची ते पुढे सांगितलंय, ते त्यालाही वाचायला द्या.

अँड्रॉइडवर नेहमी येणारी एक अडचण: डाउनलोड करताना कधीकधी फाइलच्या नावाच्या शेवटी 'एक्सएमएल' चिकटतं, आणि अ‍ॅप ती फाइल घ्यायला तयार होत नाही. फाइल मॅनेजरमध्ये जाऊन नाव बदला, शेवटचा तेवढा भाग काढा. काम होतं.

आणि दिशा तपासा! कोल्हापूरहून गगनबावडामार्गे वैभववाडीला गेलात, तर करूळ घाट तुम्ही उतरता. ती फाइल तशीच लावली तर ट्रेनरवर आरामात उताराला लागाल. चढाचा सराव हवा असेल तर फाइल उलटी करावी लागेल. घरात एक फायदा असाही आहे, की घाटाच्या पायथ्यापर्यंत जायची गरज नाही. वैभववाडीच्या बाजूने फक्त चढाचा तुकडा कापून घ्या. २०२४ मध्ये रस्त्याच्या कामासाठी करूळ घाट बराच काळ बंद होता. अशा वेळी जुनी फाइल हाच एक रस्ता उघडा असतो.

उंचीचा घोळ कुठे होतो?

आता मुख्य मुद्दा. फाइलमधली उंची तीन ठिकाणांहून येऊ शकते, आणि तिन्हींच्या चुका वेगळ्या असतात.

१. जीपीएसची उंची. जीपीएसला आडवं ठिकाण चांगलं कळतं, उभी उंची त्या मानाने कमी. शिवाय जीपीएस पृथ्वीचा एक गणिती आकार धरून उंची मोजतो, आणि तो आकार समुद्रसपाटीशी जुळत नाही. आपल्या भागात हा फरक ६० मीटरपेक्षा जास्त भरतो. त्यामुळे काही अ‍ॅपमध्ये तुमचं घर आहे त्यापेक्षा बरंच खाली दिसेल. घाबरू नका. सगळेच बिंदू सारखेच खाली गेले असतील तर चढावर काहीच परिणाम होत नाही, कारण आपल्याला फरक हवा असतो. पन्हाळ्याचंच बघा ना: कुठे उंची ८४५ मीटर लिहिलेली सापडते, कुठे त्याहून शंभरेक मीटर जास्त. ट्रेनरला त्याच्याशी देणंघेणं नाही. खरा त्रास देतात ते एका बिंदूकडून दुसऱ्याकडे जाताना होणारे लहान लहान हेलकावे.

२. हवेच्या दाबाची उंची. सायकल कॉम्प्युटरमध्ये आणि काही फोनमध्ये दाब मोजणारा सेन्सर असतो. वर गेलं की दाब कमी होतो, त्यावरून उंची काढतात. लहान अंतरावरच्या चढासाठी ही पद्धत सर्वात चांगली. पण हवामान बदललं की दाबही बदलतो: एक हेक्टोपास्कल फरक म्हणजे साधारण आठ-नऊ मीटर. ढग भरून आले तर तुम्ही जागेवर उभे असताना उंची बदलू शकते. मात्र हा बदल हळूहळू होतो, म्हणून चढावर त्याचा परिणाम कमी. सेन्सरच्या भोकात पावसाचं पाणी गेलं तर मात्र आकडे अचानक उड्या मारतात. भर पावसात नोंदवलेली फाइल शक्यतो ट्रेनरसाठी वापरू नका.

३. नकाशाची उंची. रस्ता नकाशावर काढला असेल तर उंची तयार माहितीतून घेतली जाते. बऱ्याच मोफत साधनांमागे फेब्रुवारी २००० मधल्या एसआरटीएम या अंतराळ मोहिमेचा डेटा असतो. स्पेस शटलने ११ दिवसांच्या त्या मोहिमेत रडारने पृथ्वीचा बराचसा भाग मोजला. त्यात जमिनीचे साधारण ३० मीटर बाय ३० मीटरचे चौकोन आहेत आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची. सपाट माळावर हे छान चालतं. शिरोळ तालुक्यातल्या रस्त्याला काहीच अडचण नाही. पण घाटात?

घाटाचा रस्ता डोंगराच्या कुशीत कोरलेला असतो. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दरी. रस्ता सात-आठ मीटर रुंद आणि चौकोन ३० मीटरचा. मग त्या चौकोनाच्या उंचीत भिंतही येते आणि दरीही. नकाशावरची रेघ जरा डोंगराकडे सरकली की उंची वाढते, दरीकडे सरकली की घटते. प्रत्यक्षात रस्ता एकसारखा चढतोय, पण फाइलमध्ये तो वरखाली उड्या मारतोय.

आता हिशोब करा. दोन बिंदूंमध्ये १० मीटर अंतर आहे आणि उंचीत फक्त १ मीटरची चूक झाली. चढात चूक किती? १० टक्के! तुमचा ५ टक्क्यांचा चढ एका क्षणी १५ टक्के होईल आणि पुढच्या क्षणी उणे ५, म्हणजे चक्क उतार. तीच १ मीटरची चूक १०० मीटर अंतरात पसरली तर चढात फक्त १ टक्का फरक पडतो. फाइल साफ करण्याचं सगळं तत्त्व एवढंच आहे: उंची थोड्या लांब अंतरावर सरासरीने पसरवायची.

फाइल साफ कशी करायची?

जीपीएक्स स्टुडिओ ही मोफत वेबसाइट मोबाइलच्या ब्राउझरमध्येही चालते. फाइल कापणं, उलटी करणं, उंची नव्याने भरणं ही कामं तिथे होतात. फक्त उंची गुळगुळीत करायची असेल तर लॅपटॉपवर जीपीएक्स मॅजिक हे मोफत साधन वापरता येतं. क्रम असा ठेवा:

१. मूळ फाइलची प्रत ठेवा. बिघडलं तर परत येता आलं पाहिजे.

२. नको तो भाग कापा. चहासाठी थांबलात, पंक्चर काढलंत, तिथे जीपीएस एकाच जागी भटकतो आणि बिंदूंचा गुंता होतो. तो काढून टाका.

३. आलेख बघा. उंचीचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतोय का? डोंगराचा रस्ता असा नसतो. एखादाच उंच सुळका किंवा खोल खड्डा असेल तर तिथे पूल, बोगदा किंवा सेन्सरची चूक असणार.

४. एकूण चढाई तपासा. ही सर्वात सोपी परीक्षा. ओपनटोपोमॅप हा मोफत नकाशा उघडा, त्यावर समान उंचीच्या रेषा असतात. घाटाच्या पायथ्याची आणि माथ्याची उंची बघून वजाबाकी करा. समजा उत्तर ३०० मीटर आलं. रस्ता सरळ वरच जात असेल तर फाइलमधली एकूण चढाई ३०० च्या आसपास, फार तर थोडी जास्त असायला हवी. ती ६०० दाखवत असेल तर उरलेले ३०० मीटर डोंगराचे नाहीत, गोंधळाचे आहेत.

५. उंची गुळगुळीत करा. ५० ते १०० मीटरच्या टप्प्यावर सरासरी घ्या. त्याहून जास्त केलंत तर हेअरपिन वळणावरचा खरा तीव्र चढही पुसला जाईल.

६. सर्वात मोठा चढ बघा. गाडीरस्त्यावर सलग १०-१२ टक्क्यांच्या वर जाणारे तुकडे फारच थोडे असतात. फाइल २२ टक्के सांगत असेल, तर रस्त्यावर विश्वास ठेवा, फाइलवर नको.

सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. एकदा केलं की ती फाइल वर्षानुवर्षं चालते.

कोणतं अ‍ॅप घ्यायचं?

पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: 'मला माझी स्वतःची फाइल टाकता येते का?' कारण सगळ्यांत येत नाही. झ्विफ्ट सर्वात प्रसिद्ध आहे, पण तिथे त्यांच्याच आभासी जगातले रस्ते चालवायचे. तुमचा पन्हाळा तिथे टाकता येत नाही.

गार्मिन एज किंवा वाहू एलिमेंट यांसारखा सायकल कॉम्प्युटर असेल तर वेगळं अ‍ॅप लागतच नाही. फाइल कॉम्प्युटरमध्ये टाका, ट्रेनर जोडा, तो स्वतःच चढाप्रमाणे ट्रेनर चालवतो. बाकी अ‍ॅपची मोफत चाचणीची मुदत असेल तर तीत आपली फाइल टाकून बघा आणि मगच वर्गणी भरा.

एक धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आरजीटी सायकलिंग नावाच्या अ‍ॅपमध्ये 'मॅजिक रोड्स' ही भन्नाट सोय होती. जीपीएक्स पाठवली की तुमच्या रस्त्याचं थ्रीडी जग तयार. वाहू कंपनीने ते अ‍ॅप घेतलं आणि ऑक्टोबर २०२३ अखेर बंद केलं. लोकांनी बनवलेले रस्ते तिथेच राहिले. ज्यांच्याकडे मूळ फाइली होत्या त्यांचं काही गेलं नाही. अ‍ॅप भाड्याचं असतं, फाइल तुमची असते. ती ड्राइव्हवर जपून ठेवा.

सुरू करण्याआधीची सेटिंग

• वजन खरं टाका. ७० किलोचा माणूस ६० लिहून घाट पटकन चढेल, पण बाहेर गेल्यावर हिशोब चुकतो.

• सिम्युलेशन मोड ठेवा, अर्ग नको. अर्ग मोडमध्ये ट्रेनर ठरलेले वॅट धरून ठेवतो. चढ आला काय, उतार आला काय, पेडलवर काहीच फरक नाही. 'फाइल टाकली पण चढ जाणवत नाही' या तक्रारीचं हे नेहमीचं कारण.

• चढाची तीव्रता किती टक्के आहे ते बघा. बऱ्याच अ‍ॅपमध्ये चढ सौम्य करायची सोय असते. झ्विफ्टमध्ये ती मुळातच ५० टक्क्यांवर असते, म्हणजे ६ टक्क्यांचा चढ पेडलला ३ टक्क्यांसारखा लागतो. वेगाचा हिशोब पूर्ण चढाचाच असतो, पण गिअर हलके वाटतात. घाटासाठी आपले गिअर पुरतील का हे तपासायचं असेल तर १०० टक्के ठेवा.

• ट्रेनरची मर्यादा वाचा. साधे ट्रेनर ६ टक्क्यांपर्यंतच चढ देतात, महागडे २५ टक्क्यांपर्यंत. तुमचा ट्रेनर ६ वाला असेल तर ९ टक्क्यांचा तुकडाही ६ सारखाच लागेल.

• ब्लूटूथ एका वेळी एकालाच. अनेक ट्रेनर ब्लूटूथवर एकाच अ‍ॅपशी जोडले जातात. ट्रेनर सापडत नसेल तर मागे उघडं असलेलं दुसरं अ‍ॅप बंद करा. अँड्रॉइड १२ आणि त्यापुढे 'निअरबाय डिव्हायसेस' ही परवानगीही द्यावी लागते.

स्मार्ट ट्रेनर नाही? तरीही चालेल

स्मार्ट ट्रेनरच्या किमतीत एक चांगली सायकल येते. प्रत्येकाला ते परवडणार नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. साधा ट्रेनर किंवा जिममधली स्पिन बाइक असली तरी फाइल कामाची आहे. फक्त ती तुम्ही वाचायची आणि तिचं वेळापत्रक करायचं.

सायकल आणि माणूस मिळून ८० किलो, आणि जोर साधारण १५० वॅट धरला, तर वाऱ्याशिवायच्या चांगल्या रस्त्यावर हिशोब साधारण असा येतो:

• सपाट: ताशी ३० किलोमीटर, म्हणजे दर किलोमीटरला २ मिनिटं
• ३ टक्के चढ: ताशी १७, दर किलोमीटरला साडेतीन मिनिटं
• ५ टक्के चढ: ताशी १२, दर किलोमीटरला ५ मिनिटं
• ७ टक्के चढ: ताशी ९, दर किलोमीटरला पावणेसात मिनिटांच्या आसपास

बघा, सपाटीला दोन मिनिटांत जाणारा किलोमीटर ७ टक्क्यांच्या चढाला तिपटीहून जास्त वेळ घेतो. म्हणून घाटाची तयारी अंतरावर नाही, वेळेवर करायची.

उदाहरणादाखल, साफ केलेल्या फाइलच्या आलेखात १० किलोमीटर सपाट, ३ किलोमीटर ३ टक्के, ५ किलोमीटर ५ टक्के आणि शेवटचा १ किलोमीटर ७ टक्के असे तुकडे दिसले, तर तुमचं वेळापत्रक असं:

१. २० मिनिटं हलक्या गिअरवर, सहज बोलता येईल इतक्या जोराने
२. साडेदहा मिनिटं एक-दोन गिअर जड करून
३. २५ मिनिटं आणखी जड, पेडलचे फेरे मिनिटाला ६५-७५, तुटक वाक्यंच बोलता येतील इतका जोर
४. पावणेसात मिनिटं सर्वात जड, अधूनमधून उभं राहून

झाला तासाभराचा घाट. कागदावर लिहून हँडलला चिकटवा, मोबाइलवर टायमर लावा. तुमचा जोर वेगळा असेल तर मिनिटं बदलतील, पण तुकड्यांचा क्रम तोच राहील. खरा फायदा क्रमातच आहे: २५ मिनिटांच्या चढानंतर आणखी पावणेसात मिनिटं शिल्लक आहेत, हे पायांना आधी कळतं.

फाइल शेअर करताना हे विसरू नका

जीपीएक्सचा पहिला बिंदू बहुतेक वेळा कुठला असतो? तुमच्या घराचा. सोबत वेळही असते. म्हणजे तुम्ही कुठे राहता, कोणत्या वारी किती वाजता घराबाहेर असता आणि महागडी सायकल कुठे उभी असते, हे सगळं त्या एका फाइलमध्ये आलं. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या जागतिक हीटमॅपवरून अनेक देशांच्या लष्करी तळांवरच्या हालचालींच्या वाटा दिसत असल्याचं उघड झालं होतं. तिथे तर नावंही नव्हती, फक्त रेघा होत्या.

स्ट्राव्हात घराजवळचा भाग लपवला असला तरी तुम्ही स्वतः एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये तो भाग असू शकतो. म्हणून ग्रुपवर टाकण्याआधी:

• सुरुवातीचे आणि शेवटचे किमान ५०० मीटर कापा. घाटाचीच फाइल हवी असेल तर पायथ्यापासूनच सुरू करा.
• वेळ, हृदयाचे ठोके वगैरे काढून टाका. जीपीएक्स स्टुडिओत एक्सपोर्ट करताना हे पर्याय मिळतात. ट्रेनरला वेळ लागतच नाही, वेग तुमच्या पायांवरून ठरतो.
• फाइलचं आणि ट्रॅकचं नाव बदला. 'घर ते ऑफिस' असं नाव ठेवून पाठवू नका.

घरात जे येत नाही ते

फाइल चढ देते. वारा, ओला डांबर, समोरून येणारी एसटी आणि उतारावरचं ब्रेक मारणं देत नाही. घाट चढायची ताकद घरात येईल. घाट उतरायचं कसब मात्र पाऊस थांबल्यावर, कोरड्या रस्त्यावर, हळूहळूच यायला हवं. ट्रेनरवर उतारात ताशी ६० दिसले म्हणून बाहेर तो वेग झेपेल असं समजणं जिवावर बेतू शकतं.

दुसरं म्हणजे उकाडा. बाहेर वारा घाम वाळवतो, घरात तो टपकत राहतो, त्यात पावसाळ्याची दमट हवा. तोंडासमोर मोठा पंखा ठेवा, खिडकी उघडी ठेवा, खाली जुनी चादर टाका आणि बाटलीभर पाणी जवळ ठेवा. एकाच बैठकीत बसून राहिल्याने अवघडायला होतं, म्हणून दर दहा मिनिटांनी थोडं उभं राहा. आणि लाईट गेली तर? बरेच स्मार्ट ट्रेनर विजेवर चालतात, विरोध एकदम जाऊ शकतो. उभं राहून जोर लावताना हे लक्षात असू द्या.

थोडक्यात

ट्रॅक घ्या, रूट नको. दिशा तपासा. एकूण चढाई नकाशाशी ताडून बघा. उंची ५०-१०० मीटरवर गुळगुळीत करा. सिम्युलेशन मोड, खरं वजन, चढ १०० टक्के. शेअर करताना घर कापा. मूळ फाइल जपून ठेवा.

सुरुवात छोट्या फाइलने करा: केर्ली ते जोतिबा एवढा तुकडासुद्धा पहिल्या दिवशी पुरेसा आहे. पाऊस उघडला, रस्ता कोरडा झाला, की त्याच चढावर खरी सायकल घेऊन जा आणि घरातली वेळ आणि रस्त्यावरची वेळ शेजारी शेजारी लिहा. दोन्हींत थोडाच फरक असेल तर तुमची फाइल खरी आहे. मग पुढच्या पावसाळ्यात त्याच फाइलवर डोळे झाकून विश्वास ठेवा.